टॅक्स लागत नाही, तरी रिटर्न भरायचंय? पहिल्यांदा भरणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

जून-जुलै आला की ओळखीतले लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, "माझं उत्पन्नच नाही, मी कशाला रिटर्न भरू?" आणि दुसरा, "लोनसाठी तीन वर्षांचं आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) पाहिजे, काढून मिळेल का?", जसं काही आयटीआर म्हणजे रेशनकार्डची झेरॉक्स आहे, दुकानात गेलं की हातात. दोघांनाही सांगायचं एकच आहे. टॅक्स शून्य असला तरी रिटर्न हा तुमच्या सहीचा खरा हिशोब असतो, रिकामा फॉर्म नसतो आणि मनाला येईल तो आकडा टाकायची जागा तर अजिबात नसते.

खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. पोर्टलवर या वर्षासाठी असेसमेंट इयर २०२६-२७ निवडायचं, नवखे लोक इथेच पहिल्यांदा चुकतात आणि भलत्याच वर्षाचं रिटर्न भरून बसतात. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय आणि त्यात असेसमेंट इयर जाऊन नुसतं 'टॅक्स इयर' आलंय, पण २०२५-२६ चं रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्यानेच भरायचंय, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज वाचून गोंधळू नका.

तुम्हाला भरायलाच लागतं का, ते आधी बघा

"१२ लाखापर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय आणि त्यातूनच निम्मा घोळ झालाय. टॅक्स मुळात लागूच होत नाही ती मर्यादा नवीन रिजीममध्ये (टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, नवीनमध्ये वजावटी फारशा नाहीत, जुनीत आहेत) ४ लाख आहे. ४ ते १२ लाखाच्या मधल्यांचा टॅक्स आधी निघतो आणि मग कलम ८७ए च्या रिबेटने शून्य होतो. हा रिबेट रिटर्नमध्येच मिळतो, म्हणजे ४ लाखाच्या वर गेलात की रिटर्न भरणं बंधनकारक, टॅक्स शून्य आला तरी.

उदाहरण घ्या, महिना ४५ हजार पगार, वर्षाचे झाले ५ लाख ४० हजार. त्यातून ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन गेलं, उरले ४ लाख ६५ हजार. ४ लाखाच्या वरच्या ६५ हजारांवर ५ टक्क्यांनी ३,२५० रुपये टॅक्स, रिबेटने तो शून्य. कंपनीने एक रुपया कापला नाही म्हणून हा माणूस निवांत बसतो, पण याला रिटर्न भरायलाच पाहिजे. जुनी रिजीम घ्यायची असेल तर मर्यादा अजून खाली, २.५ लाख (६० च्या पुढे ३ लाख, ८० च्या पुढे ५ लाख), आणि ही मर्यादा ८०सी वगैरे वजावटी घ्यायच्या आधीच्या उत्पन्नाला लावायची, नंतरच्या नाही.

उत्पन्न या मर्यादेच्या खाली असूनही काही लोकांना भरावंच लागतं. वर्षात वीजबिलापोटी १ लाखाच्या वर भरलेत, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या परदेश प्रवासावर २ लाखाच्या वर खर्च केलेत (मुलीकडे अमेरिकेला जायची दोघांची तिकिटं आईच्या खात्यातून काढली, तर तो खर्च आईच्या नावावर मोजला जातो), सेव्हिंग खात्यांत मिळून ५० लाख किंवा जास्त जमा झालेत, करंट खात्यांत १ कोटीच्या वर जमा झालेत, धंद्याची उलाढाल ६० लाखाच्या वर गेली, प्रोफेशनची जमा १० लाखाच्या वर गेली, किंवा वर्षभरात टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला टॅक्स) आणि टीसीएस (विकणाऱ्याने बिलावर घेतलेला टॅक्स) मिळून २५ हजार किंवा जास्त कापले गेलेत (ज्येष्ठांना ५० हजार), तर भरायचंच. भारतात राहणाऱ्या माणसाच्या नावावर परदेशात खातं, शेअर्स, कसलीही मालमत्ता असेल तरीही, मग उत्पन्न शून्य का असेना.

यातलं काहीच लागू नसेल तर कायद्याने तुमच्यावर सक्ती नाही, तुम्ही भरता ते स्वखुशीने, त्यालाच आपण बोलताना निल रिटर्न म्हणतो.

मग स्वखुशीने कशाला भरायचं

सगळ्यात खरं कारण म्हणजे कापलेला पैसा परत मिळवणं. आजीच्या नावावर एफडी आहे, टीडीएस कापू नका असं सांगणारा फॉर्म द्यायचा राहून गेला आणि बँकेने व्याजावर १० टक्के टीडीएस कापला, तर ते पैसे सरकारकडे आजीच्या पॅनवर जमा आहेत. रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत, कुणी आपणहून आणून देत नाही. २०२५-२६ मध्ये एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं (ज्येष्ठांना १ लाख) की टीडीएस कापला जायचा, आणि पॅन दिलेला नसेल तर थेट २० टक्के. ज्यांनी तो फॉर्म, म्हणजे १५जी किंवा ज्येष्ठांसाठीचा १५एच, वेळेत दिला त्यांचा वाचला, बाकीच्यांनी रिटर्नमधून मागायचा.

दुसरं, गाडी. १० लाखाच्या वरची गाडी घेतली की शोरूमवाला १ टक्का टीसीएस घेतो. उसाच्या किंवा द्राक्षाच्या पैशातून १८ लाखांची गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याचे १८ हजार असे जमा होतात, आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे ते पूर्ण परत मिळण्यासारखे असतात. किती जणांना हे माहीतच नसतं, बिलावरची ती ओळ कुणी वाचत नाही!

शेअर बाजारातला तोटा हे तिसरं. कॉलेजात असताना शेअर्स घेतले-विकले आणि ४० हजारांचा फटका बसला, तर तो तोटा पुढची ८ वर्षं पुढे नेता येतो आणि पुढच्या नफ्यातून वजा करता येतो, पण एकाच अटीवर, रिटर्न मुदतीच्या आत भरलेलं पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी हा हक्क गेला.

बाकी लोन, व्हिसा, मुलांच्या एज्युकेशन लोनला सहकर्जदार म्हणून पालकांची कागदपत्रं, ही कारणं तुम्हाला माहीत आहेतच. एक कारण मात्र कुणी बोलत नाही, अपघातात कमावतं माणूस गेलं तर नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याचं उत्पन्न सिद्ध करायला जुनी रिटर्न्स फार उपयोगी पडतात, रिक्षावाला, गवंडी, छोटा दुकानदार यांच्याकडे पगारपत्रक नसतं ना. आणि रोखीत व्यवहार करणाऱ्यांसाठी अजून एक, सलग तीन वर्षं रिटर्न न भरलेल्या माणसाने एका बँकेतून वर्षात २० लाखाच्या वर रोख काढली तर वरच्या रकमेवर २ टक्के टीडीएस कापला जायचा, भरणाऱ्याला हीच मर्यादा १ कोटी होती.

गावाकडे एक भीती असते, रिटर्न भरलं की योजना बंद. पीएम किसानची अट 'मागच्या असेसमेंट इयरमध्ये आयकर भरलेला' अशी आहे, रिटर्न भरलेला अशी नाही, त्यामुळे टॅक्स शून्य असलेलं रिटर्न त्या अटीत अडकत नाही. लाडकी बहीणमध्ये आयकरदात्याच्या अटीसोबतच कुटुंबाचं उत्पन्न २.५ लाखाच्या आत असण्याची पण अट आहे, म्हणजे योजनेच्या अर्जात एक आकडा आणि लोनसाठी केलेल्या रिटर्नमध्ये साडेचार लाख, असं करून ठेवलं तर अडचण रिटर्नमुळे नाही, दोन आकड्यांमुळे होते.

शून्य म्हणजे खरंच शून्य आहे का

फॉर्म उघडायच्या आधी एक संध्याकाळ हे काम करा, कारण "मला काही उत्पन्न नाही" म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांना काहीतरी असतंच. सेव्हिंग खात्याचं व्याज हे उत्पन्न आहे. एफडी, पोस्टाची एमआयएस, डिव्हिडंड, भाडं, शिकवणीचे पैसे, सगळं उत्पन्न. नवरा गेल्यावर बायकोला मिळणारी फॅमिली पेन्शन पण उत्पन्न, पण ती पगारात नाही तर 'इतर स्रोत' मध्ये दाखवायची, त्यावर ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, तर पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५ हजार यातलं जे कमी असेल तेवढी वजावट मिळते (जुन्या रिजीममध्ये १५ हजार).

आता गृहिणींच्या रिटर्नमधला मोठा खड्डा. नवऱ्याने टॅक्स वाचवायला बायकोच्या नावावर १० लाखांची एफडी केली, तर पैसे नवऱ्याचे असल्यामुळे त्या एफडीचं व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, याला क्लबिंग म्हणतात. बायकोच्या नावाने निल रिटर्न भरून त्यात ते व्याज दाखवलं आणि टीडीएसचा रिफंड घेतला, हा उद्योग घरोघरी चालतो आणि तो चूक आहे. बायकोला माहेरून, वडिलांकडून पैसे मिळाले आणि तिने एफडी केली, तर व्याज तिचंच. लहान मुलांच्या नावावरच्या एफडीचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात.

गोव्यातल्या वाचकांचं गणित वेगळंच आहे. तिथल्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे ज्या नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते, त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंदा, दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. म्हणजे स्वतः काही न कमावणाऱ्या बायकोच्याही नावावर नवऱ्याच्या भाड्याचा अर्धा हिस्सा येतो, आणि तिचं रिटर्न निल वाटलं तरी निल नसतं. त्यासाठी फॉर्ममध्ये शेड्युल ५ए आहे.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दाखवायचं असतं. ५ हजारांपर्यंत असेल तर साध्या फॉर्ममध्ये (आयटीआर-१) बसतं, त्याच्या वर असेल तर आयटीआर-२. ५ लाखाच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, किती जमीन, स्वतःची की खंडाने, बागायत की जिरायत हे सगळं भरावं लागतं, तेव्हा सातबारा हाताशी ठेवा. दूध डेअरी आणि पोल्ट्री मात्र शेतीत धरत नाहीत, हे सांगितलं की माणसं भांडायला उठतात, पण नियम तसाच आहे.

आणि एक प्रकार जिथे निल रिटर्नची आशाच धरू नका. लॉटरी, ऑनलाईन गेममध्ये जिंकलेले पैसे, याच्यावर पहिल्या रुपयापासून सरळ ३० टक्के, क्रिप्टोच्या नफ्यावरही तेच. ४ लाखांची सूट नाही, रिबेट नाही, लॉटरी-गेमवर कापलेला टीडीएस परत मिळत नाही. शेअर्सच्या शॉर्ट टर्म नफ्याचं (वर्षाच्या आत विकून झालेल्या) मधलं आहे, दुसरं काहीच उत्पन्न नसेल तर ४ लाखांची मर्यादा त्याच्यासाठी वापरता येते (भारतात राहणाऱ्यांनाच), पण ८७ए चा रिबेट त्याला मिळत नाही. म्हणजे ६ लाख पगारवाल्याला ४० हजार शॉर्ट टर्म नफा झाला तर पगारावर टॅक्स शून्य आणि त्या ४० हजारांवर २० टक्के.

कोणता फॉर्म

व्याज, पेन्शन, फॅमिली पेन्शन, पगार, एखादं घर, एवढंच असेल तर आयटीआर-१, ज्याला सहज म्हणतात. म्युच्युअल फंड किंवा शेअर्सचा लाँग टर्म नफा १.२५ लाखाच्या आत असेल आणि पुढे न्यायचा तोटा नसेल तर तोही यात बसतो. शॉर्ट टर्म नफा-तोटा, ५ हजारांवर शेती, परदेशी मालमत्ता असेल तर आयटीआर-२. छोटा धंदा किंवा डॉक्टर, वकील, इंजिनिअर, इंटिरियरवाले यांच्यासारखं प्रोफेशन अंदाजित पद्धतीने (जमेचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून) दाखवायचं असेल तर आयटीआर-४, सुगम. फ्युचर्स-ऑप्शन्स आणि इंट्राडे करणाऱ्यांना आयटीआर-३, आणि तो फॉर्म एकट्याने भरू नका, सीएला पैसे द्या, खरंच.

दुबई, मस्कतला नोकरी करणाऱ्यांसाठी, एनआरआय असाल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यायचा. एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) एफडीच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के अधिक सेस कापतात, त्यामुळे इथे उत्पन्न ४ लाखाच्या आत असेल तर बराच मोठा रिफंड निघतो. ८७ए चा रिबेट मात्र एनआरआयला नाही.

आता प्रत्यक्ष भरायला बसू

तयारी: पॅन, आधार, आधारला जोडलेला मोबाईल (तो चालू पाहिजे आणि तुमच्या हातात पाहिजे, मुलाच्या हातात नागपूरला नको), बँक खात्याचा नंबर आणि आयएफएससी. पॅन नसेल तर आधारवरून ई-पॅन त्याच पोर्टलवर फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पाचशे रुपये देऊ नका. जुनं पॅन असेल आणि आधारशी लिंक नसेल तर आधी ते करा, उशिराचे १ हजार रुपये भरावे लागतात, पण निष्क्रिय पॅनवर रिफंड मिळत नाही.

घाई पण करू नका. बँका जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचा हिशोब ३१ मेपर्यंत देतात, त्यामुळे एप्रिलमध्ये भरलं तर कापलेले पैसे दिसतच नाहीत. जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा मध्य हा चांगला काळ. शेवटच्या दोन दिवसांत साईट गोगलगाय होते.

पहिली पायरी, नोंदणी. incometax डॉट gov डॉट in ही एकच सरकारी साईट आहे, गूगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातींवर टिचकी मारू नका. रजिस्टर करताना टॅक्सपेअर निवडा, पॅन टाका, नाव आणि जन्मतारीख पॅनवर आहे तशीच टाका, मोबाईल आणि ईमेल दोन्हीवर ओटीपी येतो. ईमेल स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढच्या सगळ्या नोटिसा त्या ईमेलवर जातात आणि तुम्हाला कधी कळतही नाही.

दुसरी पायरी, बँक खातं. प्रोफाईलमध्ये जाऊन खातं जोडा आणि व्हॅलिडेट करा, मग त्याच्यापुढे रिफंडसाठी नॉमिनेट करा. पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं नाही तर इथे अडकतं, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं हमखास होतं. मग आधी बँकेत केवायसी नीट करून घ्या.

तिसरी पायरी, जी सगळे टाळतात आणि जिच्यावर सगळं अवलंबून आहे. पोर्टलवरूनच २६एएस आणि एआयएस उघडा. २६एएसमध्ये तुमच्या पॅनवर कुणी किती टीडीएस, टीसीएस कापला ते दिसतं. एआयएसमध्ये व्याज, डिव्हिडंड, शेअर्सची खरेदी-विक्री, सगळं. एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या लिपीत आणि त्याला लागून जन्मतारीख, मध्ये काही नाही. हे तुमच्या पासबुकाशी ताडून बघा. एआयएसमध्ये चुकीचं काही असेल तर तिथेच फीडबॅक देता येतो, आणि एआयएसमध्ये नाही म्हणजे उत्पन्न नाही असं पण नसतं.

चौथी पायरी, फॉर्म. ई-फाईल, मग इन्कम टॅक्स रिटर्न्स, मग फाईल इन्कम टॅक्स रिटर्न. वर्ष निवडा, ऑनलाईन निवडा, स्टार्ट न्यू फायलिंग, स्टेटस इंडिव्हिज्युअल, मग फॉर्म. त्यानंतर विचारतात की रिटर्न कशासाठी भरताय. तीन पर्याय येतात, करपात्र उत्पन्न मूळ मर्यादेपेक्षा जास्त आहे म्हणून, सेव्हन्थ प्रोव्हिजोच्या अटींमुळे (वर सांगितलं ते वीजबिल, परदेश प्रवास वगैरे), आणि 'अदर्स'. स्वखुशीने भरताय तर अदर्स. ४५ हजार पगारवाल्याने पहिला पर्याय घ्यायचा, टॅक्स शून्य असला तरी.

मग पाच भाग दिसतात आणि प्रत्येक भाग उघडून, तपासून कन्फर्म करायचा असतो. वैयक्तिक माहितीत 'नेचर ऑफ एम्प्लॉयमेंट' विचारतात, नोकरी नसेल किंवा फॅमिली पेन्शन असेल तर नॉट ॲप्लिकेबल निवडा. तिथेच रिजीमचा प्रश्न असतो आणि तो उलटा विचारलेला असतो, 'नवीन रिजीममधून बाहेर पडायचंय का?', म्हणजे नवीनच ठेवायची तर उत्तर 'नो'. कमी उत्पन्नवाल्यांना नवीनच सोयीची असते, आपोआप तीच लागते. जुनी पाहिजे असेल तर मुदतीच्या आत भरावं लागतं, उशिरा भरणाऱ्याला तो पर्याय नाही.

उत्पन्नाच्या भागात बरंच आधीच भरून आलेलं असतं, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सेव्हिंग व्याज आणि एफडी व्याज वेगवेगळ्या ओळीत टाका. आणि लक्षात ठेवा, ज्या उत्पन्नावर टीडीएस कापला ते उत्पन्न दाखवायलाच लागतं. उत्पन्न शून्य आणि टीडीएस ८ हजार असं टाकून रिफंड मागितला की रिटर्न सदोष ठरतं आणि कलम १३९(९) ची नोटीस येते, १५ दिवसांत दुरुस्त करावं लागतं. व्याज ८० हजार, टीडीएस ८ हजार, टॅक्स शून्य, रिफंड ८ हजार, हे बरोबर. अंदाजित पद्धतीवाल्या इंटिरियर डिझायनरला १.५ लाख मिळाले आणि १५ हजार कापले, तर आयटीआर-४ मध्ये जमा १.५ लाख दाखवायची, उत्पन्न त्याच्या किमान निम्मं, ७५ हजार, आणि रिफंड १५ हजार.

वजावटींच्या भागात नवीन रिजीमवाल्यांना फारसं काही नसतं, पुढे जा. टॅक्स पेडमध्ये टीडीएस-टीसीएस २६एएसप्रमाणे आलाय का बघा. शेवटच्या भागात देय टॅक्स शून्य दिसला पाहिजे. काही आकडा दिसला तर थांबा, कुठेतरी रिजीम चुकीची गेलीय किंवा स्पेशल रेटचं उत्पन्न (लॉटरी, शॉर्ट टर्म नफा वगैरे) आहे, 'पे लेटर' दाबून मोकळे होऊ नका.

पाचवी पायरी, व्हेरिफिकेशन. प्रिव्ह्यू बघून सबमिट केलं म्हणजे झालं नाही! ३० दिवसांच्या आत व्हेरिफाय करायचं असतं, नाहीतर वेळेत भरलं असं धरत नाहीत. आधार ओटीपी सगळ्यात सोपा, दोन मिनिटं. मोबाईल आधारशी जोडलेला नसेल तर नेट बँकिंगमधून किंवा बँक खात्यावरून मिळणाऱ्या ईव्हीसी कोडने होतं, तेही नसेल तर आयटीआर-व्ही (व्हेरिफिकेशनचा कागद) ची प्रिंट काढून निळ्या शाईने सही करून बंगळुरूच्या सीपीसीला (आयकर खात्याचं प्रोसेसिंग सेंटर), पिन ५६०५००, स्पीड पोस्टने पाठवा.

मुदत आयटीआर-१ आणि २ साठी ३१ जुलै. राहिलं तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. ज्यांना सक्ती नव्हती त्यांना उशिराची फी नाही, ज्यांना होती त्यांना उत्पन्न ५ लाखापर्यंत १ हजार, त्यावर ५ हजार. डिसेंबरही गेला तर अपडेटेड रिटर्न असतं, पण त्यातून रिफंड मागता येत नाही, म्हणजे आजीचे कापलेले पैसे गेले.

ज्यांचं वय ७५ किंवा जास्त आहे आणि फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज आहे, त्यांना बँकेत १२बीबीए फॉर्म देऊन रिटर्नमधूनच सुटका मिळू शकते, नेमलेल्या बँकांमध्ये ही सोय आहे. दुकानदारांसाठी एक आठवण, जीएसटी नंबर असेल तर त्याचं निल रिटर्न वेगळं असतं, विक्री झाली नसली तरी भरायचं आणि चुकलं तर दिवसाला २० रुपये. हे भरलं म्हणजे ते भरलं असं नाही.

एजंटाबद्दल

प्रत्येक तालुक्याच्या गावात एक माणूस असतो जो "साडेचार लाखाचं रिटर्न करून देतो, टॅक्स शून्य" म्हणतो. लोन पाहिजे ना, मग घरी बसलेल्या बाईच्या नावाने शिलाईकाम नाहीतर पापड उद्योग दाखवून आयटीआर-४ भरून टाकतो. जे शिलाईकाम करतात त्यांनी जरूर दाखवावं, किंबहुना त्यांनी दाखवलंच पाहिजे. पण नसलेला धंदा दाखवला तर बँक पहिलं विचारते, खात्यात साडेचार लाखांची उलाढाल कुठंय? आणि मग लोनही जातं आणि खोट्या रिटर्नवर सही तुमचीच राहते, एजंटाचं नाव कुठेच नसतं.

दुसरा प्रकार नोकरदारांसाठी, जुन्या रिजीममध्ये खोटं घरभाडं, खोट्या राजकीय देणग्या दाखवून पूर्ण टीडीएस परत काढून देतो, रिफंडमधले इतके टक्के माझे. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने असल्या टोळ्यांवर देशभर छापे घातले, महाराष्ट्रातही. चुकीची माहिती देऊन टॅक्स कमी दाखवला तर दंड त्या टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो. एजंटाकडून भरून घ्यायला हरकत नाही, माझा विरोध नाही, पण पासवर्ड तुमच्याकडे, ईमेल-मोबाईल तुमचा, आणि ओटीपी सांगायच्या आधी प्रिव्ह्यूची पीडीएफ वाचून घ्यायची. "वाचून काय कळणार" म्हणाला तर दुसरा माणूस बघा.

भरल्यानंतर

पोचपावती आणि पूर्ण फॉर्म, दोन्ही डाऊनलोड करून ठेवा, बँकेला दोन्ही लागतात. काही दिवसांत किंवा आठवड्यांत १४३(१) ची इंटिमेशन ईमेलवर येते, पासवर्ड तोच, पॅन छोट्या लिपीत आणि जन्मतारीख. घाबरू नका, ही नोटीस नाही, तुमचा हिशोब आणि खात्याचा हिशोब शेजारी-शेजारी असतो. दोन्ही रकान्यांत आकडे सारखे आणि शेवटी शून्य किंवा रिफंड असेल तर काम झालं. फरक असेल तर कुठल्या ओळीत आहे ते बघा, बहुतेक वेळा एफडीचं व्याज कमी दाखवलेलं असतं किंवा टीडीएस दुसऱ्याच वर्षाचा मागितलेला असतो. तुमची चूक असेल तर ३१ डिसेंबरच्या आत रिवाईज्ड रिटर्न भरून टाका, खात्याची असेल तर पोर्टलवर रेक्टिफिकेशनची विनंती करा.

रिफंड थेट नॉमिनेट केलेल्या खात्यात येतो. तो फेल झाला असं दिसलं तर खातं पुन्हा व्हॅलिडेट करून सर्व्हिसेसमधून रिफंड रीइश्यूची रिक्वेस्ट टाका. 'तुमचा १५,४९० रुपये रिफंड मंजूर, लिंकवर क्लिक करा' असे एसएमएस याच दिवसांत सुटतात, आयकर खातं कार्डचा नंबर किंवा पिन कधीच विचारत नाही, डिलीट करा. रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळालं असेल तर ते पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये 'इतर स्रोत' मध्ये टाकायचं, एआयएसमध्ये ते दिसेलच.